चोराकडे किल्ली असते तेव्हा...

जेवणानंतरची पेंगुळलेली वेळ. मेलला एक्सेल फाइल जोडलेली असते, ती ‘मॅक्रो सुरू करा’ म्हणते आणि आपण बिनधास्त क्लिक करतो! युक्रेनच्या वीज कंपन्यांमध्ये नेमकं असंच कुणीतरी क्लिक केलं होतं.

त्याची किंमत कळली काही महिन्यांनी, २३ डिसेंबर २०१५ला. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा कर्सर आपोआप फिरू लागला आणि धडाधड ब्रेकर पाडत सुटला. तीन कंपन्या, तीसेक सबस्टेशनं, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. तक्रार करावी तर कॉल सेंटर खोट्या कॉल्सनी जाम! शेवटी कर्मचाऱ्यांनी गाड्या काढल्या, सबस्टेशनं गाठली आणि हातानं ब्रेकर चालू केले.

गंमत म्हणजे चोरानं कुलूप तोडलंच नव्हतं. लॉग-इन खरं, पासवर्डही खरा. मग वॉचमननं अडवायचं कुणाला?

इथे मशिन लर्निंग कामाला येतं. ते ओळखपत्र बघत नाही, सवयी बघतं. ग्रिडचं नेटवर्क आपल्या ऑफिससारखं चंचल नसतं. तीच यंत्रं, ठरावीक सेकंदांनी तेच प्रश्न, त्याच पद्धतीची उत्तरं. भयंकर बोअरिंग! पण त्यामुळेच ‘नेहमीचं’ काय ते मॉडेलला शिकता येतं. महिन्यात एखादा ब्रेकर हलवणारं लॉग-इन पाच मिनिटांत दहा पाडायला लागलं की घंटी वाजलीच पाहिजे.

घोडं पेंड खातं ते पुढे. खरे हल्ले मोजकेच, त्यामुळे शिकायला उदाहरणं नाहीत. शिवाय वादळात, दुरुस्तीच्या दिवशी ग्रिड तसंही विचित्र वागतं. साधा हिशेब करा. दिवसाला दहा लाख संदेश आणि मॉडेल ९९.९ टक्के अचूक, तरी रोज हजार चुका! नाइट शिफ्टवाला तिसऱ्या दिवशी अलार्म म्यूट करणार. म्हणून कुणी टक्केवारी ऐकवली, तर ‘एका शिफ्टमध्ये किती वेळा ओरडतं?’ एवढंच विचारा.

१२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, वर्क फ्रॉम होम ठप्प झालं. मार्च २०२१मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. घंटी वाजवणं सोडा, ‘त्या सकाळी नेटवर्कवर वेगळं काय घडलं’ याचं एकच उत्तर मिळालं असतं, तरी पुष्कळ होतं.