चर्चमध्ये जात नसते, मग दलित ख्रिश्चन ‘अनुसूचित जाती’चा दर्जा का मागतात?

सूसाई मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून चपला शिवायचे. मूळ जात आदि-द्रविड. अशा चर्मकारांना फुकट टपऱ्या द्यायची सरकारी योजना आली, पण सूसाईंना टपरी मिळाली नाही. काम तेच, रस्ता तोच. फक्त ते ख्रिश्चन होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1985 मध्ये ते हरले.

कोर्टाचं म्हणणं असं होतं की धर्मांतरानंतर जात टिकते, एवढं दाखवून भागणार नाही. नव्या धर्मातही तितकंच मागासलेपण सोसावं लागतं, हे सिद्ध करा.

चर्चची खरी गोची इथेच झाली. देवापुढे सगळे समान, ही त्याची शिकवण. पण आपल्या माणसांना हक्क मिळवून द्यायचे तर ‘आमच्याकडेही जात पाळली जाते’ हे त्यालाच कोर्टात सांगावं लागतं.

अडचणीचं मूळ 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. अनुसूचित जातीचा दर्जा त्याने हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिश्चन आणि मुस्लिम बाहेरच राहिले. गंमत म्हणजे अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही.

हा दर्जा नसेल तर राखीव जागा आणि राखीव मतदारसंघ तर जातातच, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही जातं. आंध्र प्रदेशात अशा ख्रिश्चनांसाठी मागासवर्गात वेगळा गट आहे, त्याचा वाटा 1 टक्का.

महाराष्ट्रात हा विषय लांबचा वाटेल, पण तसा तो नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनच्या काळात महार आणि मांग समाजातले बरेच लोक ख्रिश्चन झाले. पुढे 1956 नंतर जे महार बौद्ध झाले, त्यांच्या वारसांना 1990 पासून केंद्राच्याही सवलती मिळतात. ख्रिश्चन झालेल्यांच्या वारसांना त्या मिळत नाहीत.

चर्चने जात कबूल करायला बराच वेळ लावला. तिरुचिरापल्लीत कॅथलिक दफनभूमीतली जातीची भिंत वर्षानुवर्षं वादात आहे. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांसाठीचं धोरण आणलं ते थेट 2016 मध्ये. पहिले दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, 2022 मध्ये झाले. सरकारकडे बोट दाखवणाऱ्या चर्चला हा हिशोबही द्यावाच लागेल.

विरोधकांचे मुद्दे दोन. धर्मांतराला प्रोत्साहन मिळेल, हा एक. दुसरा जास्त वजनदार आहे: आहे त्याच आरक्षणात नवे वाटेकरी आले तर सध्याच्या अनुसूचित जातींचं काय? नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेही बजावलं की श्रद्धा नसताना फक्त आरक्षणासाठी धर्म बदलल्याचं सांगणं ही संविधानाची फसवणूक आहे. मात्र ते प्रकरण वेगळं होतं. तिथे ख्रिश्चन धर्म पाळणारी व्यक्ती नोकरीसाठी स्वतःला हिंदू म्हणवत होती.

धर्माची अट काढा, असं रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्येच सुचवलं होतं. केंद्राने ते मानलं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला आणि पुढे त्याची मुदत वाढवली. धर्मांतरानंतर या लोकांच्या चालीरीतींत आणि त्यांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावात काय बदल होतो, हे तपासण्याचं काम या आयोगाकडे सोपवलं.