पाण्याविना धडे कोणाला?

कावेरीकाठच्या तिरुवैयारुचे नावच मुळी पाच नद्यांवरून पडले आहे. तंजावर जिल्ह्यातील या सुपीक प्रदेशात शेतकऱ्याला कमी पाण्यात भात पिकविण्याचे धडे दिले जातात. ‘श्री’ पद्धत सांगते, शेत आळीपाळीने भिजवा व सुकू द्या. धडा खोटा नाही. परंतु त्यासाठी पाणी आधी कालव्यात वेळेवर यावे लागते! कुरुवै या अल्पमुदतीच्या भातासाठी मेट्टूर धरण १२ जूनला उघडण्याचा प्रघात आहे. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे तो मोडला गेला. २०२४ मध्ये पाणी सुटले ते २८ जुलैला. मग दोष शेतकऱ्याच्या ‘अज्ञाना’चा कसा?

आणि हे धडे घेणार कोण? ज्या कुळाची नोंद दप्तरी नाही, त्याला पीककर्ज दुष्कर. शेतमजुराने तर रोजंदारी बुडवून शिकायचे! याच जिल्ह्यातील कुळांनी व पन्नैयाळांनी, म्हणजे बांधील शेतमजुरांनी, लाल बावट्याखाली लढून १९५२ चा संरक्षण कायदा पदरात पाडून घेतला. पाण्याचे वेळापत्रक, कुळाची नोंद आणि शिकण्याच्या दिवसाची मजुरी या मागण्या ज्यात नाहीत, ते शेतीशिक्षण म्हणजे कष्टकऱ्यांना दिलेला कोरडा उपदेशच होय.