मलिद्याची ताटली

गेल्या वर्षीं मराठीच्या तासास आम्हीं 'मलिदा' हा शब्द वाक्यांत योजावयास दिला. वह्या तपासल्या, तों जवळजवळ प्रत्येक वाक्यांत कोणी ठेकेदार, कोणी कारकून, कोणी पुढारी मलिदा 'लाटीत' होता. मलिदा हा खावयाचा पदार्थ आहे असें लिहिणारीं मुलें दोनच निघालीं. एकाच्या घरीं तो मोहरमांत होतो, दुसऱ्याच्या घरीं उरलेल्या पोळीचा करितात. तीं वाक्यें वाचून दाखवितांच वर्ग हसला. आम्हांस मात्र हसूं आलें नाहीं.

शब्द मूळचा फारशी. त्याचा अर्थ चोळलेलें, मळलेलें. गव्हाची पोळी अथवा जाड रोटी कुसकरावी, गूळ-तूप घालून हातानें मळावी, ऐपत असल्यास खोबरें व वेलदोडा घालावा, झाला मलिदा. पाकाची तार पाहावी लागत नाहीं, हलवाई बोलवावा लागत नाहीं. गरिबाच्या घरचें हें पक्वान्न आहे.

निजामी अमदानींत आपल्या अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, पुढें गांवाचें जुनें नांव परत आलें. परंतु चुलीवरचे पदार्थ कांहीं पालटले नाहींत. मराठवाड्यांतील अनेक खेड्यांत मोहरमाचे पंजे बसतात. त्यांस नवस बोलणाऱ्यांत हिंदु कुटुंबेंही असतात, आणि फातेह्यानंतर चोंगे व मलिदा वाटला जातो, तेव्हां हात पुढें करणाऱ्यास त्याची जात कोणी पुसत नाहीं.

आपल्या योगेश्वरीच्या दर्शनास कोकणांतील कित्येक कुळें येतात. ती त्यांची कुलस्वामिनी होय. त्याच कोकणांत, अलिबागेच्या आसपास, बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं ते बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्याही घरीं मलिदा होतो. तो भिजविलेल्या पोह्यांचा. त्यांत ओलें खोबरें, साखर व वेलदोडा, आणि सोबत फळें. नवस फेडतांना व लग्नकार्यांत एलिया संदेष्ट्याचें स्मरण करून तो वाटितात. हा एलिया आमच्याही शास्त्रांत आहे. १९४८ नंतरच्या कांहीं दशकांत त्यांपैकीं बहुतेक इस्राएल देशीं गेले. परंतु तेथेंही ते मलिदा करितात व त्यास मलिदाच म्हणतात. जिन्नस निराळे, प्रार्थना निराळी. तरी नांव एक आणि वाटून खाण्याची रीत एक.

कोणी म्हणेल, एका पदार्थानें काय होणार? मलिदा खाऊनही माणसें भांडतातच कीं! हें खरें आहे. ताटली दारीं पोंचली म्हणजे काम झालें, असें नव्हे. येथें आमचाच दोष सांगितला पाहिजे. एका मोहरमांत शेजारच्या घरून मलिद्याची ताटली आली. आणणारा मुलगा नऊ-दहा वर्षांचा. आम्हीं ती घेतली, दोन गोड शब्द बोललों आणि न चाखतांच झाकून ठेवली. मुलगा रिकाम्या ताटलीसाठीं दारांतच उभा होता. तो म्हणाला, "गुरुजी, गूळ जास्त झाला का, अम्मीनं विचारलंय."

आम्हांस उत्तर देतां येईना. आमच्या पणजोबांस भाकरी दुरून व वरून टाकून मिळत असे. ती हकीकत आमच्या घरांत अद्याप सांगतात. अशा घरच्या माणसानें दुसऱ्याची ताटली झाकून ठेवावी, ही लाजेची गोष्ट होती. आम्हीं झांकण काढिलें, त्याच्यासमोर बसून खाल्लें, आणि गूळ अगदीं बेताचा आहे असें सांगितलें. तो खरोखरच बेताचा होता. रिकामें भांडें परत देऊं नये, म्हणून ताटलींत मूठभर शेंगदाणे घालून ती परत पाठविली.

आमचें मत एवढेंच आहे. पुष्कळांसाठीं मळलेलें एकट्यानें उचललें म्हणजे तें 'लाटणें' होतें. आणि प्रेमानें पाठविलेलें न चाखतां बाजूस सारिलें, तर तोही एक प्रकारचा अपहारच होय. घेणाऱ्यानें मनापासून घेतल्याखेरीज देणाऱ्याचें देणें पुरें होत नाहीं. म्हणून विद्यार्थीमित्रहो, यंदा कोणाच्याही घरून ताटली आली, तर आणणाऱ्यासमोर एक घांस खा, चव सांगा, आणि ताटली रिकामी पाठवूं नका.

पुढील वर्षीं हाच शब्द आम्ही पुन्हा वाक्यांत योजावयास देणार आहों. दोनाचीं चार उत्तरें निराळीं आलीं, तरी आम्हांस समाधान होईल.