हप्ता कोणाच्या नावावर?

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचेही तेवढेच. दलालाविना थेट खात्यात जमा होणारा हा पैसा पेरणीच्या तोंडावर मोलाचा असतो. पण तो ठरतो मालकीवर. बटईने, मक्त्याने शेती करणारा बियाण्याचा, मजुरीचा खर्च करतो, गारपीट सोसतो. हप्ता मात्र सातबारा ज्याचा त्याला, मग तो पुण्यात का राहीना. जन्मभर खुरपणी करूनही नावावर गुंठा नसलेल्या बाईचं तेच. कूळ कायद्याच्या धास्तीने मालक कागद करत नाहीत, हे खरं आहे. म्हणूनच मालकीला धक्का न लावता कसणाऱ्याची स्वतंत्र नोंद व्हायला हवी. आंध्र प्रदेशाने त्यासाठी २०११ मध्येच कायदा केला.