ज्याच्यासाठी करार, त्यालाच दाद नाही

भारतीय विधी आयोगाचे माननीय अध्यक्ष व सदस्य यांस,



सेलू, मानवत किंवा पूर्णा तालुक्यातील शेतकरी खरिपाच्या सोयाबीनचा विमा उतरवितो आणि पावती जपून ठेवतो. परंतु ज्या करारनाम्यावर त्याच्या नुकसानभरपाईचे भवितव्य अवलंबून असते, तो राज्य शासन आणि विमा कंपनी यांच्यात झालेला असतो, त्यावर शेतकऱ्याची सही नसते, आणि पीक कापणी प्रयोगांच्या आकड्यांविषयी किंवा महसूल मंडळाच्या उंबरठा उत्पन्नाविषयी तंटा उपस्थित झाला, म्हणजे त्या तंट्यात त्याचे स्थान काय, हे त्याला कोणी निश्चित सांगू शकत नाही. 2018 साली परभणीच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर शेतकऱ्यांना सोयाबीनच्या विम्यासाठी धरणे धरावे लागले, हे मला अत्यंत क्लेशकारक वाटते.

आपला 1872 चा करार कायदा मुळात उदार आहे. करारातील मोबदला वचन घेणाऱ्यानेच दिला पाहिजे असा त्याचा आग्रह नाही, तो अन्य कोणी दिला तरी चालतो. तथापि करारात जो पक्षकार नाही त्याला फिर्याद लावता येत नाही, हा 1861 च्या ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन या इंग्रजी खटल्यातील दंडक आपल्या न्यायालयांनीही स्वीकारला. त्याची कठोरता प्रिव्ही कौन्सिलने 1910 मध्येच ओळखली होती. त्या खटल्यात सासऱ्याने सून हुसैनी बेगम यांना दरमहा 500 रुपये खर्च-ए-पानदान, म्हणजे हातखर्च, देण्याचे तिच्या बापाशी कबूल केले होते. विवाहाच्या वेळी वधूवर दोघेही अज्ञान होते. आणि जेथे मुलांची लग्ने आईबाप ठरवितात, तेथे हा इंग्रजी दंडक जसाच्या तसा लावल्यास घोर अन्याय होईल, असे म्हणून न्यायाधीशांनी त्यांचा दावा मान्य केला. पुढे 1969 साली चाको खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यास, कौटुंबिक व्यवस्था असे अपवाद मान्य केले, पण मूळ दंडक कायम ठेवला.

आपल्याच आयोगाने 1958 च्या तेराव्या अहवालात करारात पक्षकार नसलेल्या लाभार्थ्यास दाव्याचा हक्क देणारे स्वतंत्र कलम सुचविले होते. ज्या इंग्लंडकडून हा दंडक आला, त्याने 1999 मध्ये तो कायद्याने शिथिल केला. आपली शिफारस मात्र दप्तरातच राहिली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील जळालेल्या शीतगृहात माल ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना, विमापत्र त्यांच्या नावे नसतानाही, लाभार्थी या नात्याने ग्राहक मानले, ही मोठीच गोष्ट होय. परंतु ती ग्राहक कायद्याच्या व्याख्येची कृपा आहे, करार कायद्याने दिलेला हक्क नव्हे.

म्हणून विनंती की, ती शिफारस आपण शासनापुढे पुन्हा मांडावी. लाभार्थ्याने एकदा हक्क स्वीकारल्यावर मूळ पक्षकारांना तो परस्पर बदलता येऊ नये, अशी तरतूद तीत असावी. आणि पीक विम्यासारख्या करारनाम्यांची मराठी प्रत प्रत्येक तहसील कचेरीत व तलाठी सज्जावर हंगामापूर्वी उपलब्ध करण्याचे बंधनही सुचवावे.

आपला नम्र,
परभणी जिल्ह्यातील एक वकील