चित्रकलेची वही मोठ्यांच्याही हाती हवी

आपल्याकडे चित्रकलेची वही शाळेबरोबरच सुटते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा झाल्या, प्रमाणपत्र कपाटात गेले, की रंगपेटी माळ्यावर जाते. जे त्या परीक्षांना बसलेच नाहीत, त्यांच्या मनात तर 'मला चित्र येत नाही' हे वाक्य जन्मभरासाठी पक्के होते. माझ्या मते हे वाक्य प्रकृतीला अपायकारक आहे. शर्यतीत नंबर येत नाही म्हणून कोणी सकाळचे फिरणे सोडत नाही. मग कागदावर रेघ ओढण्यासाठीच गुणांची अट कशाला?

दवाखान्यात येणाऱ्या निवृत्त मंडळींच्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात. झोप लागत नाही, दिवस जात नाही, छातीत उगाच धडधडते. तपासण्यांत काही निघाले नाही, की मी औषधाइतकीच चौकशी त्यांच्या दिवसाची करतो. पुष्कळदा दिवस रिकामा आणि मन मात्र भरलेले असते. अशांना मी एक कोरी वही आणि तेलखडूंची पेटी आणायला सांगतो. पहिला विरोध घरातूनच होतो. 'या वयात काय गिरगटत बसलात?' या एका वाक्याने कित्येक वह्या दुसऱ्याच पानावर बंद पडल्या आहेत.

चित्रांचा आणि प्रकृतीचा संबंध नवा नाही. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार क्षयरोगाने आजारी पडून आरोग्यधामात होते. तेथे ते पलंगाजवळच्या वस्तूंची चित्रे काढीत. पुढे इतर रुग्णांनाही त्यांनी या छंदाला लावले. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यांनीच १९४२ साली वापरात आणला. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील गिरिजा कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली ३९ प्रौढांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४५ मिनिटे रंग, कागद, माती घेऊन काहीतरी केल्यावर सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे मनावरील ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेले आढळले. पूर्वी चित्रकला शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात फारसा फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, तेव्हा त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण वही उघडायला तेवढा आधार पुरे आहे.

वयाची सबबही टिकत नाही. रवींद्रनाथ ठाकूर साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले. हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी जोडता जोडता त्यांना आकार सापडत गेले. १९३० साली पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

आता वहीत काढायचे काय? देखावाच हवा असे नाही. समोरचा तांब्या, चपलांचा जोड, अडकित्ता काहीही चालेल. कागदाकडे न पाहता, नजर वस्तूवर ठेवून रेघ फिरवून पाहावी. चित्र वेडेवाकडे येते, पण पाहण्याची सवय लागते. मेणबत्तीच्या टोकाने कागदावर नक्षी काढून वरून पातळ जलरंग फिरवावा. मेणावर रंग धरत नाही आणि पांढरी नक्षी उमटते. हळद पाण्यात कालवून कागदाला लावावी, वाळल्यावर तीवर खाण्याच्या सोड्याचे पाणी ब्रशने लावावे. पिवळ्याचा लालसर रंग होतो, लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा. पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो हे सर्वांना ठाऊक असते. त्यात लाल रंगाचा किंचित थेंब घातला, की झाडाच्या जुन्या पानासारखा हिरवा मिळतो. नातवंडांना शेजारी बसवावे, पण त्यांचे गुरुजी होऊ नये.

काही पथ्ये पाळावीत. ब्रशला टोक यावे म्हणून तो ओठात धरण्याची सवय वाईट आहे. चित्रकारांच्या काही रंगांत शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी घटक असू शकतात. बोटांना संधिवात असेल, तर पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करावी. उजेड खिडकीचा असावा आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

घरच्यांसाठीही एक सांगणे आहे. ही वही विचारल्याशिवाय उघडू नये आणि आलेल्या-गेलेल्यांना दाखवू नये. कोणी पानभर काळा रंग भरला, म्हणून मन बिघडले असे निदानही करू नये. काळा खडू हाताशी होता, एवढेही कारण असू शकते.

मात्र वही म्हणजे उपचार नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, जेवण-झोप तुटली, जगणे नकोसे वाटू लागले, तर रंगपेटीवर विसंबू नये. डॉक्टरांना गाठावे. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मराठीतून बोलता येते. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी त्या वहीच्या भरवशावर बंद करू नयेत.

मुलांच्या इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळतात, म्हणून आपण त्यांना हौसेने रंग आणून देतो. मोठ्या माणसाच्या वहीला गुण कोणीच देणार नाही. म्हणूनच तिच्यात चुकायला भीती नाही, आणि ही निर्भयता मनाला औषधासारखी लागू पडते.