गोल मोजणाऱ्यांचा निवाडा

अलेक्झांडर ओव्हेच्किन या रशियन खेळाडूनें ६ एप्रिल २०२५ रोजीं नॅशनल हॉकी लीगमधील आपला ८९५ वा गोल मारून वेन ग्रेट्स्कीचा विक्रम मोडला, आणि बर्फावरील हॉकीच्या पुष्कळ चाहत्यांनीं एक जुना खटला निकालांत काढून टाकला. युरोपनें या खेळास दिलेला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? ओव्हेच्किन! पुरावा काय? ८९५!

हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. केवळ राशीवरून थोरवी ठरत असेल, तर मोरोपंतांच्या आर्यांच्या ढिगापुढें तुकोबांनीं हात जोडून उभें राहावें. तसें आजवर कोणी म्हटलें नाहीं. मग खेळाच्या प्रांतांत शिरतांच आपली विवेकबुद्धि दाराशीं कां ठेवावी? आमचा पक्ष आधींच स्पष्ट सांगतों. हा मान डॉमिनिक हाशेक या चेक गोलरक्षकाचा आहे.

प्रथम त्या मोजपट्टीचीच परीक्षा करूं. अमेरिकेंतील लीगचे आंकडे हीच ज्यांची मोजपट्टी, त्यांच्या हिशेबीं व्लादिस्लाव त्रेत्याक शून्य ठरतो. ३१ डिसेंबर १९७५ रोजीं माँट्रिअल येथें मॉस्कोचा सैनिकी संघ व माँट्रिअलचा बलाढ्य संघ यांचा सामना झाला. यजमानांनीं गोलावर ३८ फटके मारले, पाहुण्यांनीं अवघे १३. तरी सामना ३-३ असा बरोबरींत सुटला, कारण गोलांत त्रेत्याक उभा होता. पुढें १९८३ सालीं त्याच माँट्रिअलनें त्याची निवड केली. परंतु सोव्हिएत सरकारनें त्यास जाऊं दिलें नाहीं. व्हालेरी खार्लामोव्हची गोष्ट याहून करुण. १९७२ च्या कॅनडाविरुद्धच्या मालिकेंत त्यास आवरणें अशक्य झालें, तेव्हां सहाव्या सामन्यांत बॉबी क्लार्कनें काठीचा तडाखा त्याच्या घोट्यावर हाणला. आणि १९८१ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, मोटार-अपघातांत त्याचा अंत झाला. या दोघांच्या नांवापुढें लीगचा एकही गोल वा सामना नाहीं. राज्यकर्त्यांनीं ज्यांस कोंडून ठेविलें, त्यांस कोष्टकांत जागा नाहीं म्हणून दुय्यम ठरविणें, हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्यायच होय.

मग त्रेत्याकलाच मान कां देऊं नये? त्याचीं तीन ऑलिंपिक सुवर्णपदकें आम्ही विसरलों नाहीं. परंतु त्या काळीं ऑलिंपिकमध्यें लीगचे धंदेवाईक खेळाडू येत नसत. शिवाय त्याच्यापुढें जगांतील सर्वांत शिस्तबद्ध संघाची भिंत असे.

हाशेकचें भाग्य असें नव्हतें. १९८३ सालीं शिकागोनें त्याची निवड केली ती १९९ व्या क्रमांकावर. तो अमेरिकेंत पोंचला १९९० सालीं, पंचविशी ओलांडतांना. त्याची तऱ्हाच विचित्र. बर्फावर लोळावें, पाठीवर पडावें, प्रसंगीं काठी टाकून देऊन हातानेंच चकती दाबावी. शास्त्रशुद्ध गोलरक्षणाच्या शिक्षकांनीं कपाळावर हात मारावा! (व्याकरण कोळून प्यालेल्यांस लोककवि पाहून जें वाटतें, तेंच.) पण हा 'अशास्त्रीय' गृहस्थ, फटके अडविण्याच्या प्रमाणांत, १९९४ ते १९९९ अशा सलग सहा हंगामांत लीगमध्यें पहिला आला. बफेलोच्या साधारण संघास १९९९ सालीं स्टॅन्ले चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत त्यानेंच ओढून नेलें.

"गोलरक्षकाची व आक्रमकाची तुलना कशी करावयाची?" हा आक्षेप आम्ही पुष्कळदां ऐकला आहे. आपल्या संघास सर्वांत मोलाचा ठरलेल्या खेळाडूस मिळणारा हार्ट करंडक हाच त्याचें उत्तर आहे. तो १९९७ व १९९८ अशीं लागोपाठ दोन वर्षें हाशेकला मिळाला, आणि दोनदां तो मिळविणारा दुसरा गोलरक्षक आजवर झालेला नाहीं. ओव्हेच्किनला तो तीनदां मिळाला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण त्याच ओव्हेच्किनच्या रशियास २००६, २०१० व २०१४ या तिन्ही ऑलिंपिकांत साधें कांस्यपदकही लाभलें नाहीं. निक्लस लिड्स्ट्रमचा दावा आम्हांस याहून भारी वाटतो. सात वेळां सर्वोत्कृष्ट रक्षक ठरलेल्या या स्वीडिश पुरुषाच्या खेळांत दोष काढणें कठीण. तथापि डेट्रॉइटचा सारा वैभवशाली संघ नित्य त्याच्या सभोवतीं होता.

राहिला यारोमीर यागर. १,९२१ गुण, ग्रेट्स्कीखालोखाल लीगच्या इतिहासांत दुसरा. त्याच्या भक्तांस आम्ही १९९८ च्या नागानोकडे बोट दाखवितों. लीगनें आपला हंगाम थांबवून खेळाडू ऑलिंपिकला धाडले तें हें पहिलेंच वर्ष. आतां कोणासच सबब उरली नव्हती. यागर व हाशेक एकाच चेक संघांत होते. उपांत्य सामन्यांत कॅनडाशीं १-१ अशी बरोबरी झाली आणि एकेकट्यानें गोलावर चाल करून जाण्याची पाळी आली. चेकांच्या बाजूनें एकट्या रॉबर्ट रायशेलचा फटका आंत गेला. यागरलाही गोल करतां आला नाहीं. कॅनडाचे फ्लरी, बोर्क, लिंड्रॉस, न्यूवेन्डाइक व शॅनहन असे पांच वीर एकामागून एक आले, आणि पांचही रिकाम्या हातीं परतले. ग्रेट्स्की बांकावर बसून पाहत होता. त्यास कां पाठविलें नाहीं, यावर कॅनडांत पुढें कितीतरी शाई खर्चीं पडली. अंतिम सामन्यांत रशियाविरुद्ध पीटर स्वोबोदाचा एकच गोल झाला, तेवढाच पुरला. सहा सामन्यांत हाशेकनें अवघे सहा गोल होऊं दिले. या विजयावर २००४ सालीं प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीनें 'नागानो' नांवाचा ऑपेरा रंगविला, आणि ज्योतिर्विदांनीं एका लघुग्रहास हाशेकचें नांव दिलें.

८९५ चा जप करणाऱ्यांनीं एवढेंच सांगावें: त्या दिवशीं चेकांच्या गोलांत हाशेकऐवजीं दुसरा कोणी असता, तर ते अंतिम सामन्यास पोंचले असते काय?